काडी पैलवानाला शुगर कशी?

आमच्या चोपडा तालुक्यात एका मंडळाने यंदा उन्हाळ्यात 'वजन घटवा' स्पर्धा ठेवली. नव्वद दिवस मुदत, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २५ च्या वर असेल त्यालाच प्रवेश, जो सगळ्यात जास्त किलो उतरवेल त्याला गिअरची सायकल आणि दुसऱ्या नंबरला मिक्सर. पोस्टर गावाच्या ग्रुपवर पडलं आणि दोन तासांत जी जुंपली ती आठवडाभर चालली. एका पार्टीचं म्हणणं, लोक खाऊन खाऊन माजलेत, शेवभाजीवरची तर्री बंद करा, आणि पुरावा म्हणून कुणीतरी ऐंशी सालच्या लग्नाच्या पंगतीचा फोटो टाकला, बघा एकाचं तरी पोट दिसतंय का. दुसरी पार्टी पुण्यात शिकणाऱ्या पोरापोरींची, ते म्हणाले हे सरळसरळ बॉडी शेमिंग आहे आणि बीएमआय हे गोऱ्यांनी काढलेलं थोतांड आहे. तिसरा एकजण मधेच बोलला, अरे वरती सातपुड्यात लेकरं कुपोषित आहेत आणि तुम्ही कुठे सायकली वाटता. मग ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं.

माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली काउंटरवर उभा आहे. शुगरची गोळी कोण नेतं, बीपीची कोण नेतं, कोणाची पाचशेची होती ती हजारची झाली हे मला माणसाच्या नावापेक्षा जास्त पाठ असतं. म्हणून सांगतो, या तिघांचंही भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललंय. तिघंही डोळ्याला दिसणाऱ्या जाडीवरच बोलतायत, कुणी तिला हसतंय, कुणी तिची बाजू घेतंय, कुणी म्हणतंय तो श्रीमंतांचा रोग. आपल्याकडचा खरा धोका डोळ्याला दिसतच नाही. तो हातपाय काडीसारखे आणि शर्टाचं खालून दुसरं बटण ताणलेलं अशा माणसात बसलाय, आणि ज्याला आपण कुपोषण म्हणतो त्याच्याशी त्याचं वैर नाहीये, नातं आहे.

त्या स्पर्धेच्या नावनोंदणीला आमच्या गल्लीतले नाना गेले होते. वय ५७, उंची पाच फूट चार इंच, वजन ६० किलो. पोरांनी मोबाईलवर हिशोब केला, बीएमआय २२.७ आला, आणि नानांना हसत परत पाठवलं की नाना तुमचं इथे काही काम नाही, तुम्हीच आम्हाला टिप्स द्या. नाना खूश. तेच नाना पंधरा दिवसांनी माझ्या काउंटरवर चिठ्ठी घेऊन, उपाशीपोटी शुगर १८६. मला म्हणे, "मी ते काडी शे रे भाऊ, माले कसानी शुगर?" मी शिवणकामाची टेप काढली, बेंबीच्या लेव्हलला लावली, ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० च्या आत आणि बाईला ८० च्या आत कंबर असावी असं आपल्याच डॉक्टरांनी २००९ साली ठरवून ठेवलंय. स्पर्धेच्या काट्याला त्याचा पत्ताच नाही.

आता पुण्याच्या पोरांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा बरोबर असलेला मुद्दा जास्त फसवतो. बीएमआयचं गणित आलं बेल्जियमच्या क्वेटलेकडून, १८३२ च्या सुमाराला. हा माणूस डॉक्टर नव्हता, खगोल आणि संख्याशास्त्रवाला होता, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाची तब्येत तपासायची नव्हती. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीजने दिलं, आणि कीजने ते ताडून पाहिलं ते पुरुषांवर, बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. म्हणजे त्यात बायका नाहीत, आपण नाही. वर स्नायू कोणते आणि चरबी कोणती हे त्याला कळत नाही, चरबी मांडीत आहे का पोटात हेही कळत नाही. आणि जाड माणसाला हसल्याने तो बारीक होत नाही, तो दवाखान्यात जायचं टाळतो, हे मी स्वतः बघतो. गुडघ्याचं मलम मागायला आलेली बाई दुकानात गर्दी असेल तर बाहेरच उभी राहते. हे सगळं कबूल.

पण मोजपट्टी चुकीची निघाली म्हणून मोजायचं कापडच नाही असं होतं का? आणि चूक कोणत्या बाजूला आहे तेही बघा ना. यांना वाटतं गोऱ्यांची पट्टी आपल्याला उगाच जाड ठरवते. गणित उलटं आहे, ती आपल्याला उगाच निरोगी ठरवते. २०२१ साली इंग्लंडमध्ये जवळजवळ पंधरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, प्रश्न साधा होता की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० ला मधुमेहाचा जेवढा धोका असतो तेवढा धोका बाकीच्यांना कितीला येतो. काळ्या लोकांना २८.१, चिन्यांना २६.९, अरबांना २६.६ आणि आपल्या भारतीय उपखंडवाल्यांना २३.९. म्हणजे जिथे गोरा माणूस 'एकदम नॉर्मल' असतो तिथे आपण त्याच्या लठ्ठपणाचा धोका घेऊन फिरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या वेगळ्या रेघा सुचवल्या होत्या. वजनाची नवीन इंजेक्शनं २०२५ ला भारतात आली, रोज एकजण तरी किंमत विचारून जातो, पण त्यांचा नियमही बीएमआय ३० च्या वर, नाहीतर आजार असेल तर २७ च्या वर. नाना त्यातही बसत नाहीत.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! तो फोटो मी दुकानात काचेखाली लावलाय, लोक गोळ्या निघेपर्यंत बघत बसतात, एक आजी म्हणाल्या होत्या दोन्ही मास्तर दिसतात.

हे असं का होतं ते मी लोकांना कापसावरून सांगतो. भाव नाही म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो. ज्याचा वाडा मोठा, त्याच्या मागच्या खोलीत पन्नास क्विंटल मावतो आणि ओसरीवर माणसं आरामात झोपतात. ज्याच्या दोनच खोल्या, त्याचा पंधरा क्विंटलच चुलीपर्यंत येतो, लेकरांच्या अंगाला खाज सुटते, चालायला वाट राहत नाही. कापूस कोणाकडे जास्त? वाड्यात. त्रास कोणाला जास्त? दोन खोल्यांवाल्याला. कातडीखालची चरबी ही शरीराची मागची खोली आहे, आणि आपली ती खोली लहान, म्हणून थोडं जास्त झालं की माल लिव्हरवर, आतड्यांभोवती, स्वादुपिंडात जाऊन पडतो. त्यात आपले स्नायू कमी, आणि जेवणातली साखर साठवायचं मोठं गोदाम म्हणजे स्नायूच. मग साखर रक्तातच फिरत राहते. जपानच्या सुमो पैलवानांचं उदाहरण याच्या बरोब्बर उलट आहे, दीडशे किलोचा गडी, पण जोपर्यंत आखाड्यात घाम गाळतोय तोपर्यंत त्याची बरीचशी चरबी कातडीखालीच राहते, पोटाच्या आत कमी जाते. खेळ सोडला आणि खाणं नाही सोडलं की संपलं. आपल्याकडचे जुने पैलवान आठवा, तालीम सुटल्यावर त्यांचं काय झालं.

आता तिसऱ्या माणसाचा मुद्दा, सातपुड्यातल्या लेकरांचा. मला त्याचा राग आला नाही, कारण वरच्या पाड्यांवरचे पावरा बांधव माझ्या दुकानात येतात, त्यांच्या मांडीवरचं लेकरू मी बघतो. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. अशा ठिकाणी लठ्ठपणावर भाषण ठोकणं हे उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. बरोबर. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचे आकडे बघा, साधारण २१ टक्के कमी वजनाच्या आणि २३ टक्के जास्त वजनाच्या. हे दोन वेगळे महाराष्ट्र आहेत का? मला नाही वाटत. बऱ्याचदा ती एकाच घरातली सासू आणि सून असते, आणि त्याहून जास्त वेळा तीच एक बाई असते, आधी विसाव्या वर्षीची आणि मग पंचेचाळिसाव्या.

याज्ञिकांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आठशे ग्रॅम कमी. पण ते आठशे ग्रॅम कशातून कमी झाले हे त्यांनी मोजलं, आणि तिथेच खरी गोम आहे. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत. म्हणजे आईच्या पोटात तंगी असताना बाळ सगळं सारखं कमी करत नाही, ते आधी मेंदू वाचवतं, चरबी वाचवतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. स्नायूंचं गोदाम जन्माआधीच लहान बांधलं जातं. पुढे दिल्लीच्या मुलांचा जन्मापासून तिशीपर्यंत माग काढला तर ज्यांना तिशीत शुगर निघाली ती लहानपणी लठ्ठ नव्हतीच, दोन वर्षांची असताना बारीक होती आणि नंतर शाळेच्या वयात भराभर भरली. आता सांगा, कुपोषण आणि लठ्ठपणा यांतलं एक निवडून दुसरं सोडा म्हणणं म्हणजे विहिरीचं पाणी काढा पण पाटाचं नाव काढू नका म्हणण्यासारखं नाही का?

हा वाद महाराष्ट्रात नवीनही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्यात मोठी जुंपली होती, गरिबी मोजायला माणशी किती कॅलरी धरायच्या यावर. एका बाजूला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, दुसऱ्या बाजूला पां. वा. सुखात्मे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत अनेक वर्षं काढलेले संख्याशास्त्रज्ञ. सुखात्म्यांचं म्हणणं की शरीर कमी खाण्याशी काही प्रमाणात जुळवून घेतं, सरासरी गरज सगळ्यांना लावली तर उपाशी लोकांचा आकडा फुगतो. त्यात दम होता, आजही आहे, कोणतीही एक सरासरी सगळ्यांवर लादू नये हे मी वर तेच बोललो. पण त्याच सुमाराला डेव्हिड सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ते पुढे ताणलं आणि म्हणाला की बुटकी बारीक पण बाकी ठीक असलेली माणसं 'लहान पण निरोगी' आहेत, त्यांना कुपोषित कशाला म्हणता. हैदराबादच्या पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. गोपालन त्यावर तुटून पडले, की हे निकष गरिबांनाच का, आपल्या पोरांना लावाल का? आज चाळीस वर्षांनी काय दिसतंय? सेक्लरने ज्यांना 'लहान पण निरोगी' म्हटलं त्या पिढीची पन्नाशी उलटलीय, आणि त्यातले किती जण माझ्या काउंटरवर उभे असतात ते मी रोज बघतो. शरीराने जुळवून घेतलं होतं हे खरं, पण उधारीवर. आमच्या नानांचा जन्म साठच्या दशकाच्या शेवटचा, बाहत्तरच्या दुष्काळात ते तीन-चार वर्षांचे, त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरात सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. त्यांची शुगर त्या दुष्काळामुळेच असं मी म्हणत नाही, एका माणसाचं असं काही सिद्ध होत नाही, पण ऐंशी सालच्या पंगतीचा फोटो टाकून 'पहिले लोक कसे फिट होते' म्हणणाऱ्याने एवढा तरी विचार करावा की त्या फोटोतली बारीक माणसं हौसेने बारीक नव्हती.

तर्रीवाल्यांना मात्र मी पूर्ण सोडणार नाही आणि पूर्ण खोटंही पाडणार नाही. तेल वाढलंय. देशात माणशी वर्षाला साधारण १९ किलोच्या पुढे खाद्यतेल जातं, आणि पोषणतज्ज्ञ सांगतात १२ किलो बस. पूर्वी घाण्याचं शेंगदाणा तेल महाग होतं म्हणून पळीपळीने वापरायचे, आता पामतेलाच्या पिशव्या आल्या आणि ढाब्यावर भाजीवर बोटभर तवंग नसला तर गिऱ्हाईक परत पाठवतं. पण कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत हे आपणच खात होतो आणि आपणच सोडलं, त्याचा दोष शेवभाजीला कशाला? आणि नुसतं खाण्यावर खापर फोडणाऱ्यांनी शेतात काय बदललं तेही बघावं. केळीला ठिबक आलं, बारे द्यायचं काम गेलं, मोटार मोबाईलवरून घरबसल्या चालू होते, फवारणी पंप बॅटरीवर, नांगरटी ट्रॅक्टरने. हे वाईट झालं असं कोण म्हणेल? रात्री बारा वाजता थंडीत पाणी भरायला गेलेल्याला विचारा. पण अंग पूर्वी दिवसाला जे जाळायचं ते बंद झालं आणि ताटात मात्र भाकरीच्या जागी बट्टी आली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे पिमा आदिवासी आणि मेक्सिकोच्या डोंगरात राहिलेले त्यांचेच भाऊबंद, रक्त एकच, पण ॲरिझोनावाल्यांमध्ये मधुमेह ३८ टक्के आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांमध्ये ७ टक्क्यांच्या आत. रक्त तेच असताना एवढा फरक पडतो तर तो काय नुसता 'माजलेत' म्हणून पडतो? मग ॲरिझोनाचे सगळे जन्मतः आळशी आणि डोंगरातले सगळे जन्मतः कष्टाळू असं मानायचं का?

आता माझ्या विरुद्धचा सगळ्यात भारी पुरावा मीच देतो, कारण ग्रुपवर कोणी दिला नाही. २०११ साली आशियातल्या अकरा लाखांवर लोकांचा अभ्यास छापून आला, त्यात मुंबईचेही लोक होते. निष्कर्ष असा की भारतीय आणि बांगलादेशी लोकांत जास्त बीएमआयमुळे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, उलट खूप बारीक लोकच जास्त मेले. झालं की मग, लठ्ठपणाची भीती फुकटचीच? थांबा जरा. त्यातली भारतातली माणसं नोंदवली नव्वदच्या दशकात, तेव्हा टीबी, बिडी-तंबाखू, उपासमार ही बारीक माणसाला आधी उचलत होती, आणि आजाराने वाळलेला माणूस बारीकच दिसणार, बारीकपणाने त्याला मारलं का आजाराने त्याला वाळवलं हे वेगळं काढणं सोपं नाही. शिवाय पुन्हा मोजलं काय? बीएमआयच! म्हणजे नानांसारखे सगळे 'नॉर्मल' रकान्यात, आणि नॉर्मलवालेच जर आतून बिघडलेले असतील तर जाडांचा धोका त्यांच्या शेजारी उठून दिसेल कसा? ५२ देशांच्या एका हृदयविकाराच्या अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. यातले सगळे काय दीडशे किलोचे होते? २०२३ साली छापून आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही निघाले, आणि बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के असताना पोटाने लठ्ठ ३९.५ टक्के. मधल्या फरकातली ही जी माणसं आहेत, ती कोणत्या स्पर्धेत नाव घालणार?

बायकांचं तर अजून अवघड. साडीत पोट दिसत नाही, आणि दिसलं तर "ऑपरेशननंतर सुटलं" म्हणून मिटवून टाकतात. माझ्या बायकोला मी टेप लावली तर ती हसली, म्हणे मला टेप कशाला, परकराच्या नाडीचा व्रण दरवर्षी किती खोल जातो ते मला माहितीय. चालायला जा म्हणायला सोपं आहे, सकाळी सहाला गावात नळाला पाणी येतं आणि संध्याकाळी सातनंतर शेताच्या रस्त्याला बाई एकटी चालत नाही.

गंमत म्हणजे मोजायची सोय आधीच आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचा रकाना आहे, बाईचा ८० चा आणि पुरुषाचा ९० चा, तिथे मार्क मिळतात. आता तो कितीदा टेप लावून भरला जातो आणि कितीदा नुसतं बघून, हे ज्याच्या त्याच्या गावाला विचारा. टेपही नको, घरातली सुतळी घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत स्वतःच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना लागली तर ठीक, नाही लागली तर शुगर तपासून या. ब्रिटनचे डॉक्टरही २०२२ पासून हेच सांगतायत, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा, फक्त ते सुतळी म्हणत नाहीत. नानांच्या सुतळीत अर्ध्या वितीहून जास्त फट राहिली. आमच्या गल्लीत आता पोरांनी खेळच केलाय, क्रिकेट खेळून आले की एकमेकांना सुतळी लावतात, आणि ज्याला सगळे 'जाड्या' म्हणायचे त्याची सुतळी लागली आणि चिडवणाऱ्या हडकुळ्याची लागली नाही.

मंडळाच्या पोरांना हे सांगितलं तर ते म्हणाले काका बरोबर आहे, पण मग सायकल कोणाला द्यायची, सेंटिमीटरवर लोक भांडतील. खरंय, काट्याशी कोणी भांडत नाही आणि टेप कुणी सैल धरली, कुणी श्वास ओढला यावर पंचायत बसेल. आणि मला ज्याची तपासणी सगळ्यात आधी हवी आहे त्याला तर बक्षीस देताच येत नाही, ती म्हणजे गरोदर बाईची शुगर. आईची शुगर वाढलेली असली तर त्या बाळालाही पुढे धोका, आणि आई अर्धपोटी असली तरी धोका, दोन्हीकडून मार. सरकारी नियम आहे, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासायचं, उपाशी राहायचीही गरज नाही, १४० किंवा त्याच्यावर आली की पुढचं बघायचं.

परवा नाना त्यांची महिन्याची स्ट्रीप न्यायला आले. आता रोज नाल्यापर्यंत चालत जातात, सुतळीची फट बोटभर कमी झालीय म्हणाले, काट्यावर मात्र किलोभरसुद्धा फरक नाही. पैसे देता देता विचारलं, सूनबाईला सहावा लागलाय, बारीकच आहे ती, तिला करायची का रे तपासणी? मी वरच्या फळीवरून ग्लुकोजचा डबा काढला, नाना दोन वेळा त्याच्याकडे बघत म्हणाले, "आनी तीबी काडीच शे," आणि डबा पिशवीत टाकून गेले.